अर्जदार क्रमांक एक

म्हाळूबाबा कुठेही बसायचे झाले तरी आधी खांद्यावरचे घोंगडे अंथरत आणि उजव्या हाताला वीतभर जागा मोकळी सोडून मग बसत. कोर्टाच्या ओट्यावर, मोटारस्टँडवर, आमच्या नगरच्या घराच्या पडवीत, सगळीकडे तसेच. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले त्या दिवशी आमची मांजर नेमकी त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसली. त्यांनी तिला हाकलले नाही. तिला म्हणाले, "तुजी बी वळख हाय वाटतं त्यांच्याशी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "देवाची जागा हाय, बाई. मानूस बसत न्हाई तितं. मांजराचं आमाला सांगता येत न्हाई."

परवा माझ्या नातवाने, अनिकेतने, अमेरिकेतून फोनवर सांगितले, की त्याने मित्राबरोबर कंपनी काढली. तिथल्या राज्याच्या कायद्याप्रमाणे तिची नोंदणीही झाली, आणि हे सगळे घरी बसून, चहा निवायच्या आत. मी त्याचे कौतुक केले. फोन ठेवल्यावर मात्र मला म्हाळूबाबा आठवले आणि तो दिवस त्यांच्यातच गेला. आणि मुक्ता, त्याची बहीण म्हणून तूही नेहमी विचारतेस ना, की सासरी आल्यावर तू दिवसभर करायचीस तरी काय? त्याचेही उत्तर यात आहे. म्हणून हे तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. मी पुण्याला बी. ए. झाले आणि लग्न होऊन नगरला आले. तुमचे आजोबा नव्याने वकिली करू लागले होते. माझे इंग्रजी सासरी सगळ्यांना ठाऊक होते, पण फडताळातल्या काचेच्या बरणीसारखे. पाहुण्यांना दाखवायचे, वापरायला काढायचे नाही. सासूबाई अभिमानाने सांगत, "आमची सून इंग्रजी पुस्तकं वाचते हो," आणि मला तांदूळ निवडायला बसवत. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. बी. ए. झालेल्या सुनेचे काय करायचे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मलाही नव्हते.

म्हाळूबाबा घोडेगावच्या अलीकडच्या एका लहान गावचे धनगर. त्यांच्या मेंढ्या थोड्या, पण घरात माग होता. त्या गावात बायका टकळीवर लोकर कातत, पुरुष घोंगडी विणत आणि विणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देत. त्या खळीचा आंबूस वास म्हाळूबाबांच्या आधी आमच्या दारात पोचायचा. सैन्यासाठी सरकारला तेव्हा खूप कांबळी लागत आणि ती एक कंत्राटदार पुरवी. गावोगावचा माल उचलायचा आणि त्यावर आपला शिक्का मारायचा, हा त्याचा धंदा. आता त्याने शहराबाहेर मोठी शेड उभी केली होती आणि विणकरांना सांगत होता, की गावातले माग मोडा आणि माझ्याकडे रोजाने विणायला या. एका सरकारी माणसाने म्हाळूबाबांना सांगितले होते, की विणकरांची स्वतःची रजिस्टर झालेली संस्था असेल, तर सरकार परस्पर तिच्याकडून माल घेईल.

"तर ते रजिष्टर आमाला पायजे," म्हाळूबाबा म्हणाले. "कुटं मिळतंय ते वकीलसाहेब सांगतील का?"

तुमचे आजोबा कोर्टातून यायचे होते. मी त्यांच्या कपाटातून मुंबई इलाख्याच्या सहकारी कायद्याचे इंग्रजी पुस्तक काढले आणि उंबरठ्याच्या आत बसून, एकेक वाक्य वाचत, मराठीत सांगू लागले. किमान दहा सज्ञान माणसे हवीत. त्यांनी मिळून पोटनियम करायचे. मग सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज पुण्याला रजिस्ट्रारसाहेबांच्या कचेरीत पाठवायचा. म्हाळूबाबा मान हलवत ऐकत होते. तेवढ्यात आजोबा आले आणि त्यांनी तेच सगळे वकिलांच्या पद्धतीने पुन्हा सांगितले. म्हाळूबाबांनी तेही शांतपणे ऐकून घेतले.

"वकीलसाहेब," ते म्हणाले, "राग मानू नगा. तुमचं विंग्रजी कोर्टाचं हाय, दबवायचं. बाईंचं विंग्रजी सांगायचं हाय. आमाला ते चालंल."

आजोबा हसले. "मग काम बाईंनाच द्या."

"दिलं की," म्हाळूबाबा म्हणाले आणि घोंगडे झटकून उठले. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तांदूळ त्यांनी स्वतःच निवडायला घेतले.

त्यानंतर नगरच्या बाजारादिवशी ते आमच्याकडे येत. सरकारने छापलेल्या नमुन्यावरून मी पोटनियमांचे मराठी करी आणि त्यांना वाचून दाखवी. प्रत्येक कलमाशी ते बाजारात मेंढी पारखावी तसे वागत. उलटून पाहत, दात मोजत. कुणाचे भाग कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच, हे कलम त्यांनी दोनदा वाचायला लावले.

"म्हंजे ज्याच्या दोनशे मेंढ्या आनि ज्याची एकच शेरडी, दोघांचा हात सारखाच वर हुनार?"

"सारखाच."

"लई बेस. ह्यो कायदा करनारा कुनीतरी मेंढकाच असनार. कळपाची मोजनी डोक्यावर हुती, लोकरीवर न्हाई."

संस्था मोडायची झाल्यास काय करावे, हे कलम आले तेव्हा मात्र त्यांनी कानांवर हात ठेवले. "बारशाला तेराव्याचं कशाला काढता?" मी म्हणाले, ते घालावेच लागते. त्यांनी थोडा विचार केला. "मंग लिवा. पन हळू वाचा."

शेवटच्या दिवशी मी विचारले, "दहा माणसं आहेत ना नक्की?"

"हायत की दहा," ते ताबडतोब म्हणाले.

अर्जदारांची यादी त्यांनी गावातल्या शाळामास्तरांकडून भरून घेतली आणि सगळा कागद टपालाने थेट पुण्याला पाठवला. पावसाळा सरता सरता तो परत आला. बाजाराचा दिवस नसताना म्हाळूबाबा दारात उभे राहिले. घोंगडे खांद्यावरून उतरलेच नाही. कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, "बाई, लाल शाईनं काय लिवलंय ते वाचा."

तांबड्या शाईत लिहिले होते: 'अर्जदार क्रमांक एक यांच्या वडिलांचे नाव दिलेले नाही. सहीच्या जागी डाग पडला आहे. इन्स्पेक्टर गावी येतील तेव्हा सदर इसमाने समक्ष हजर राहून सही करावी.'

मी यादी पाहिली. पहिल्या ओळीत मास्तरांच्या सुरेख अक्षरात लिहिले होते, 'श्री. बिरोबा. धंदा, मेंढरे राखणे. राहणार, गावाबाहेर लिंबाखाली. वय, सज्ञान.' सहीच्या जागी भंडाऱ्याचे पिवळे बोट उमटवले होते.

बिरोबा म्हणजे धनगरांचा देव. तुमचे आजोबा माझ्या खांद्यावरून यादी वाचत होते, ते मोठ्याने हसले. मलाही हसू आवरेना. म्हाळूबाबा हसले नाहीत.

"मास्तरांनी वय इचारलं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, अठरा पुरी झाल्याली हायत, लिवा. यात खोटं काय हाय? आमचे माग नऊ. पन आमची मोजनी कायम देवापासनं सुरू हुती. पयलं कोकरू त्येचं, पयलं घोंगडं त्येचं. भंडारा उचलून शपथ घेतली तवा बी पयलं नाव त्येचंच घेतलं. तुमी म्हनला दहा पायजेत. झाले की दहा."

आजोबांनी हसू आवरले. "म्हाळूबा, कायद्याला माणसं लागतात. देव काढला तर तुम्ही नऊच उरता. नऊ जणांची संस्था होत नाही."

"मग दुसरा कुणी दहावा घ्या," मी म्हणाले.

"देवाच्या जागी कोन बसंल, बाई? समद्यांना इचारून झालं. आनि त्येचं नाव खोडायला माजा हात उचलत न्हाई." ते भिंतीला टेकले. "इनिसपेक्टर येत्या आठवड्यात यायचाय. कंत्राटदाराचा मानूस रोज गावात चकरा मारतोय. दोघं तर आत्ताच डळमळल्यात. म्हनत्यात, सरकारनं देवाचं नाव माघारी धाडलं, अपशकुन झाला. आता पुन्हा कागद परतला तर दिवाळीच्या आत नऊच्या नऊ माग मोडतील. माग घरात हाय म्हनून बाई कातती, म्हातारा खळ देतो. शेडात एकला विनकर जानार. बाकीच्यांनी काय करायचं?"

मला त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी करायचे म्हणून मी कायद्याचे पुस्तक उघडले. नोंदणी झाल्यावर संस्था काय होते, ते कलम आम्ही आधी घाईने ओलांडले होते. आता ते मी सावकाश सांगितले. नोंदणी झाली की संस्था हीच एक व्यक्ती समजली जाते. तिला स्वतःचे नाव असते. तिच्या नावावर जमीन, घर, माल राहू शकतो. तिच्यावर दावा लावता येतो, तिला लावता येतो. सभासद मरतात, नवे येतात, तरी ती तशीच राहते. तिला हात नसतात, म्हणून तिच्या वतीने दुसरा कुणी सही करतो.

म्हाळूबाबांनी खांद्यावरचे घोंगडे काढले, अंथरले आणि वीतभर जागा सोडून बसले. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितले. ते त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

"दिसत न्हाई," ते हळूहळू म्हणाले. "मरत न्हाई. नावावर जमीन हाय. आनि सही दुसराच करतो." मग मान वर करून म्हणाले, "बाई, ह्यो तर देवच की."

आजोबा कोट उतरवत होते, ते तसेच थांबले. देवस्थानच्या जमिनीचा एक दावा त्यांच्याकडे होता आणि त्यात वादी म्हणून देवाचेच नाव होते. "बरोबर आहे," ते म्हणाले. "कायदा दोघांना तसंच मानतो."

"मंग त्येला दहातला एक कशाला करायचा? तो काय आमच्या वळीत बसनार? समदी संस्थाच त्येची. नाव त्येचं देऊ आनि आमी त्येचे मेंढके." त्यांचा चेहरा उजळला आणि लगेच पुन्हा विझला. "पर दहावं कोन?"

माझ्या हातात टाक होता. म्हाळूबाबांची नजर त्या टाकावर आली आणि तिथेच राहिली.

"कायद्यात बाई चालती का?"

मी कलम पुन्हा वाचले. सज्ञान माणूस हवे, त्या गावचे हवे, त्या धंद्यातले हवे. बायकांना कुठेही मनाई नव्हती. तसे मी सांगितले.

"वाटलंच," म्हाळूबाबा म्हणाले.

इन्स्पेक्टर यायच्या दिवशी आम्ही कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीने घोडेगावच्या रस्त्याला उतरलो. निघताना सासूबाईंनी विचारले होते, "वकील जातोच आहे, मग हिचं तिथं काय काम?" न्यायला आलेले म्हाळूबाबा त्यांना म्हणाले, "आईसाहेब, वकील सरकारासाठी हायत. बाई आमच्यासाठी." सासूबाईंनी मला वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या.

लिंबाखाली सगळे जमले होते. मध्ये म्हाळूबाबांच्या थोरल्या भावाची विधवा, कोंडाबाई, पाय पसरून लोकर कातत बसली होती. केस पांढरे, दात मिसरीने काळे, आणि हातातली टकळी बोलतानाही फिरती. देवाचे नाव खोडायचे म्हणून सगळ्यात जास्त रागावली होती ती हीच, आणि दहावे नाव म्हाळूबाबांना घालायचे होते तेही हिचेच.

"देवाला खोडून माजं नाव घालनार," ती म्हणत होती. "उद्या मेंढरं खोकाया लागली म्हंजे समदं गाव माज्या दारात यील."

"वैनी, देवाला खोडला न्हाई. वर चढवला. आता समदी संस्थाच त्येच्या नावाची."

"आनि त्येच्या जागी मी. मंग निवद बी मलाच दावनार का?"

लोक हसले. डळमळणाऱ्या दोघांपैकी एक, दगडू नावाचा तरणा विणकर, हसला नाही. "बाईमानूस माग चालवीत न्हाई," तो म्हणाला. "ती इनकर कशी हुईल?"

कोंडाबाई त्याच्याकडे वळली. "दगडू, तुज्या मागावर आज काय हाय?"

"सूत हाय."

"कुनी कातलं?"

दगडूची नजर बायकोकडे गेली.

"तुज्या बायकूनं. मी न्हाई कातलं. मी कातल्याल्या सुताला एवड्या गाठी नसत्यात."

आता दगडूची बायकोही तोंडाला पदर लावून हसत होती. म्हाळूबाबांनी हसणे थांबू दिले. मग कोंडाबाईपुढे उकिडवे बसून, तिला एकटीलाच ऐकू जावे अशा आवाजात बोलले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आले.

"वैनी, देवाच्या घोंगड्याचं सूत वर्साच्या वर्साला तूच कातती. लोकर कातरली की पयला हात तुजा. म्या नवीन काय करत न्हाई. हाय ते कागदावर घालतो. तू नगं म्हनलीस तर ही नऊ मानसं उद्या शेडात जातील. तितं टकळीला जागा न्हाई."

टकळी थांबली. कोंडाबाईने लिंबाच्या बुंध्याशी असलेल्या देवाकडे पाहिले, मग त्या नऊ माणसांकडे.

"आंगठा कुटं द्यायचा?" ती म्हणाली.

इन्स्पेक्टर सायकलवरून आले तेव्हा घामाने भिजले होते. तरुण, नव्याने नोकरीला लागलेले गृहस्थ. पाणी पिऊन त्यांनी जुनी यादी काढली. "अर्जदार क्रमांक एक. ते हजर आहेत का?"

म्हाळूबाबा पुढे झाले. "हायत, साहेब. पन त्यांनी राजीनामा दिला."

"राजीनामा? तो कशासाठी?"

"त्यांना वरची जागा मिळाली."

इन्स्पेक्टरांनी यादीतला पत्ता वाचला. लिंबाकडे पाहिले. त्याखालच्या शेंदूर लावलेल्या देवाकडे पाहिले. मग सहीच्या जागचा पिवळा डाग जरा निरखला. खाकरून म्हणाले, "मग वडिलांचं नाव लागणार नाही." आणि ती ओळ त्यांनी आडवी रेघ मारून बंद केली. रेघ मारण्याआधी त्यांनी उन्हाची टोपी काढून मांडीवर ठेवली होती, हे म्हाळूबाबा पुढे कित्येक वर्षे सगळ्यांना सांगत.

मी तिथेच नवी यादी लिहिली. कोंडाबाईच्या नावापुढे धंदा काय लिहावा, असे इन्स्पेक्टरांनी विचारले. कुणीतरी मागून म्हणाले, "घरकाम." कोंडाबाईने माझ्याकडे बोट केले. "लोकर कातती, असं लिवा, बाई." मी लिहिले. शाई वाळायच्या आत तिने त्यावर अंगठा उठवला, म्हणून तो थोडा पसरला. तो तसाच पुण्याला गेला आणि या वेळी कागद परत आला नाही. आले ते नोंदणीचे पत्र.

ते पत्र म्हाळूबाबांनी धुतल्या फडक्यात बांधून आमच्याकडे आणले. घोंगडे अंथरले, उजवीकडच्या मोकळ्या जागेवर पत्र क्षणभर ठेवले, मग उचलून माझ्या हातात दिले. "मोट्यानं वाचा." मी संस्थेचे नाव मोठ्याने वाचले. त्यांनी ते स्वतःशी म्हणून पाहिले, बाळाचे नाव म्हणून बघावे तसे.

"आता तुमचं सांगा," ते म्हणाले.

"माझं काय?"

"नाव. वकीलीनबाई ही वळख वकीलसाहेबांची झाली. सभेच्या कागदात लेखनाचं काम कुनी केलं ते घालायचंय."

सासरी मला कुणी नावाने हाक मारत नसे. मोठी माणसे सूनबाई म्हणत, धाकटी वहिनी. मी म्हणाले, "सुमती." आतल्या खोलीत सासूबाई माझ्या धाकट्या दिरांना हळूच म्हणाल्या, "लिहून घेतायत हो तिचं नाव."

मी जन्मभर जे काम केले ते इथून सुरू झाले. म्हाळूबाबा बाजारात ज्याला त्याला सांगत, "रजिष्टर पायजे तर आमच्या सुमतीबाईंकडं जा. त्यांचं विंग्रजी सांगायचं हाय." मग नगरचे हातमागवाले आले, कोपरगावकडचे ऊसवाले आले, भाजीवाल्या बायकाही आल्या. किती संस्थांचे पोटनियम मी वाचून दाखवले ते आता आठवत नाही. प्रत्येक वेळी यादी लिहायला घेतली, की मी विचारते, "बायका कुठे आहेत?" हा प्रश्न माझा नाही. तो म्हाळूबाबांचा आहे. मी फक्त तो अनेक गावांत नेला. पुण्याने मला पदवी दिली. ती कशासाठी आहे, ते मला त्या माणसाने आमच्या पडवीत बसून दाखवले, आणि त्यासाठी मी त्यांना रोज नमस्कार करावा असे त्यांचे ऋण आहे.

गावातले माग मोडले नाहीत. लढाई संपली, सैन्याची मागणी कमी झाली, तेव्हा संस्थेने आपल्या शिक्क्याने घोडेगावच्या बाजारात घोंगडी विकली. कंत्राटदाराच्या शेडमध्ये पुढे भुईमुगाच्या शेंगा साठवू लागले. दगडू संस्थेचा चिटणीस झाला आणि बायकोच्या सुताबद्दल कधी बोलला नाही.

स्वातंत्र्य आले ते म्हाळूबाबांनी पाहिले. त्यानंतरच्या एका थंडीत ते तापाने गेले. आम्हाला कळले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. आम्ही गावी पोचलो त्या दिवशी लिंबाखाली संस्थेची सभा चालू होती. त्यांच्या मुलाचे नाव सभासदांत घ्यायचे होते. एक लांबलचक काळे घोंगडे अंथरले होते आणि त्यावर सगळे ओळीने बसले होते. अध्यक्षाच्या जागी कोंडाबाई होती. मी तिच्यापुढे बसले.

"गेला," ती म्हणाली. "पर संस्था हाय तितं हाय. तुमीच वाचलं हुतं न्हवं?"

मी मान हलवली. मग माझे लक्ष घोंगड्याच्या उजव्या कडेला गेले. तिथे कुणी बसले नव्हते. दाटीवाटी झाली होती, दगडूचा एक पाय बाहेर मातीत होता, तरी ती जागा मोकळी होती. वीतभर नव्हती, चांगली हातभर होती.

"कोंडाबाई," मी विचारले, "ही जागा देवाची की म्हाळूबाबांची?"

तिने टकळीला पीळ दिला.

"दोघांची," ती म्हणाली. "बसतील की सरकून."